मैदानभर नकाशा

घाईमामांना कुणी खऱ्या नावानं हाक मारल्याचं गल्लीत कुणालाच आठवत नाही. मांडव घालणं हा त्यांचा धंदा आणि घाई हा स्वभाव. चहा ते उभ्यानंच पितात, चपला चालता चालता घालतात आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत "हो" म्हणून मोकळे होतात. मामी सांगतात, "मला लग्नाचं विचारायला आले, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच 'हो' म्हणून निघून गेले."

गल्लीमागच्या मोकळ्या मैदानावर मामांचं पोट होतं. लग्नं, वाढदिवस, शाळेची संमेलनं, सगळे मांडव तिथेच पडायचे. त्यामुळे त्या मैदानात बाग, वाचनालय आणि गाड्या लावायला जागा करणार असं कळलं, तेव्हा ते हातातला चहा अर्धाच टाकून शाळेकडे धावले. नगरपालिकेनं रंगीत नकाशा शाळेच्या भिंतीवर लावला होता. नगररचना खात्याच्या तरुण मॅडम येईल त्याला आग्रहानं सांगत होत्या की काय हवं-नको ते बोला, रविवारच्या सभेनंतर आराखडा पक्का होईल. लोक येत, मान तिरकी करून हिरव्या-पिवळ्या चौकोनांकडे बघत, छान आहे म्हणत आणि घरी जात.

मामांच्या तोंडाला मात्र कुलूप. मामी टोचत राहिल्या, "बोला की. मैदान गेलं तर मांडव काय गच्चीवर घालणार?"

"बोललो तर लोक म्हणतील, स्वतःच्या पोटासाठी बोलतोय."

"मग काय शेजाऱ्याच्या पोटासाठी बोलायचं?"

खरी गोष्ट अशी की मामांना तो नकाशा कळलाच नव्हता. बांबू उभा राहिल्याशिवाय जागा केवढी हे त्यांच्या डोक्यात शिरत नसे. शेवटी त्यांनी मॅडमना विचारलं, हे सगळं मैदानावर खऱ्या मापात उभं करून बघायचं का? मॅडमचे डोळे असे चमकले की त्यांच्या होकाराची वाट न बघता मामा बांबू काढायला पळाले.

रविवारी सकाळी मैदानावर नुसती धमाल उडाली. मॅडम टेप धरून पुढे, मामा पहार घेऊन मागे. बागेच्या जागी हिरवं कापड अंथरलं, वाचनालयाच्या भिंती म्हणून पांढऱ्या कनाती लावल्या, गाड्यांसाठी तांबड्या दोऱ्या ताणल्या. हाताला सवय, म्हणून मामांनी मैदानाच्या दारात झालरीची कमानही उभारून टाकली. ती बघून निवृत्त पोस्टमास्तर इस्त्रीचा कोट घालून, भेटवस्तू हातात घेऊन आले आणि लग्न कुणाचं म्हणून विचारू लागले.

"वाचनालयाचं," मामी म्हणाल्या. "या ना, आत या."

बघता बघता सगळी गल्ली नकाशात शिरली. दुकानदाराची आई बागेत बसली आणि इथून रस्त्याचा धुरळाच खावा लागेल म्हणाली; मामांनी बाग उचलून पलीकडे नेली. टेंपोवाल्यानं दोऱ्यांच्या मध्ये टेंपो मागे घेतला आणि वाचनालयाची कनात आत बसलेल्या 'वाचकांच्या' अंगावर आली. हसून हसून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वळायला जागा कमी पडते हे त्यांनी टिपून घेतलं. कुणाला पायवाट रुंद हवी होती, कुणाला खिडकी बागेकडे. तोंडातून शब्द पडायचा अवकाश, मामा खुंटी उपटून दुसरीकडे ठोकत. त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती, चेहरा घामानं आणि आनंदानं चमकत होता.

मामी पाणी घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सगळ्यांचं झालं. आपला मांडव कुठे?"

मामांचा घण हातातच राहिला. त्यांनी सभोवार पाहिलं. दोरी नाही असा तुकडा उरला नव्हता, आणि सगळं मैदान त्यांनी स्वतःच्या हातानं भरलं होतं.

तेवढ्यात मॅडमनी सगळ्यांना सभेसाठी एकत्र बसायला बोलावलं. मामांनी सवयीनं सतरंजी काखेत मारली आणि जागा शोधू लागले. बागेत झाडांच्या खुणा, वाटेवर वाट, कडेला टेंपो. माणसं कनातींच्या आडून एकमेकांना हाका मारत होती.

"अरे, पण बसायचं कुठे?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

मामांनी काखेतली सतरंजी खाली ठेवली. आत्ता नाही तर कधीच नाही, असं त्यांना वाटलं.

"माझं यात पोट आहे, हे आधीच सांगतो," ते म्हणाले. "पण मधे मोकळी जागा हवी. मांडवाला हवी, आणि असं बसायलाही हवी."

"मग इतके दिवस गप्प का बसलास?" पोस्टमास्तर म्हणाले. "माझ्या तिन्ही मुलींची लग्नं काय आभाळात झाली?"

टेंपोवाल्यानं तांबड्या दोरीची खुंटी उपटली आणि गाड्या कडेनं एका रांगेत लावू म्हणाला. लगेच चार जणांनी बाकीच्या खुंट्या उपटल्या. दुकानदाराच्या आईनं बागेचं एक टोक दुमडून दिलं. मधोमध जमीन मोकळी झाली, सतरंज्या पडल्या आणि गल्ली दाटीवाटीनं बसली.

मॅडमनी नकाशाच्या मध्यभागी पेन्सिलीनं एक चौकोन काढला आणि त्यात काय लिहू म्हणून विचारलं. मामा म्हणाले, काही लिहू नका, कोराच असू द्या.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "तर ही जागा अशीच मोकळी ठेवावी, असं ज्यांना..."

मामांचे दोन्ही हात वर गेले.

"अहो," मामी म्हणाल्या, "प्रश्न तरी पुरा होऊ द्या."

पण तोवर मैदानभर हात वर झाले होते.