ब्रेंडल साहेबाच्या वह्यांच्या कडा

आप्पाजी महिंद्रकरांना वाकडी कड म्हणून खपत नसे. माझ्या टेबलावरची फायलींची चवडसुद्धा येता-जाता थोपटून सरळ करायचे. "कटिंग केल्याशिवाय पुस्तक म्हणजे न्हाऊन केस न विंचरलेली बाई, अक्का," असं मला शंभरदा तरी ऐकवलं असेल. मी म्हणायची, "बरं बाई!" आणि कामाला लागायची.

मी वासंती. बेंगळुरूच्या एका जुन्या मिशनरी कॉलेजात ग्रंथपाल होते आणि आप्पाजी तिथले बाइंडर. सगळ्या आवारात मराठी बोलणारी आम्ही दोनच टाळकी, त्यामुळे दुपारचा डबा एकत्र. ते मूळचे खानापूरकडचे, भावसार. तिसाव्या वर्षी चामराजपेटेत आले ते तिथलेच झाले. रोज सिटी मार्केटहून बस धरायची, साडेनऊला खोली उघडायची, आणि मोरचूद घातलेली खळ स्टोव्हवर ढवळत बसायचं. त्या खळीचा वास माझ्या साडीला घरी जाईपर्यंत असायचा. आता वाटतं, कुठून तरी तो वास परत यावा. तेव्हा मात्र नाक मुरडायची, खोटं कशाला बोलू!

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. पत्र आलं की जर्मनीहून कुणी डॉ. रेनाटे क्लोस नावाच्या विदुषी येणार आहेत, ब्रेंडल साहेबाच्या वह्या बघायला. हा ब्रेंडल १८५०च्या सुमारास बेळगाव-धारवाडकडे धर्मप्रचाराला आलेला पाद्री. प्रचार किती केला देव जाणे, पण झाडंपाखरं मात्र वेड्यासारखी टिपली. कन्नड शिकला, वनस्पतींच्या याद्या केल्या, वाळवलेल्या फांद्या पेट्या भरभरून युरोपात धाडल्या, आणि दोन-तीन झाडांना तिकडे त्याचं नाव मिळालं. मोठा विद्वान, वादच नाही. पण कॉलेजात त्याच्या वह्यांचा जो इंग्रजी गोषवारा होता, तो वाचून माझं डोकं फिरायचं. एका पानावर कळलावीच्या पाकळीचं इतकं हळुवार वर्णन की वाटावं, हा माणूस कुणाला दुखवूच शकणार नाही. आणि पुढच्याच पानावर इथली माणसं अंधारात खितपत पडलेली, आळशी, खोटारडी. अरे बाबा, तुझी पेटी डोक्यावर घेऊन रान तुडवत होतं कोण मग?

वह्या अकरा. शिवण सुटलेली, पानं लोंबकळलेली. मी त्या आप्पाजींकडे दिल्या आणि चिठ्ठी लिहिली, 'सर्व वह्या नव्याने शिवणे'. 'कटिंग करू नये' हे लिहायला विसरले. जुन्या हस्तलिखिताला सुरी लावायची नसते हे मला पाठ होतं, म्हणून लिहायचंच राहिलं. ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलणार नाही.

चार दिवसांनी आप्पाजी माझ्या दारात उभे. अडुसष्ट वर्षांचा ताठ माणूस, पण दाराची चौकट धरून उभा. हातात कागदाची एक पट्टी, करंगळीएवढी रुंद.

"अक्का, स्वल्प येता काय?"

खोलीत तीन वह्या शिवून, कडा कापून, आरशासारख्या गुळगुळीत करून ठेवल्या होत्या. ब्रशाची खळ पुसायला त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्यातून एक पट्टी उचलली, तर तिच्यावर फिकट शाईत मोडी अक्षरं! मला तर ती मुंग्यांची रांग वाटली असती. आप्पाजी लहानपणी वडिलांजवळ मोडी शिकलेले. पानांच्या कडेला कुणीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, आणि आप्पाजींच्या सुरीने ते सपासप कापून पोत्यात टाकलं होतं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा वर केला, पट्टी एका वहीच्या पानाला भिडवून धरली आणि वाचलं, "'साहेब म्हणतात फूल तांबडे. आधी हिरवट, मग पिवळे, मग तांबडे होते. थांबून पाहावे.'" मग पट्टी टेबलावर ठेवत म्हणाले, "साहेबाची झाडं आणून देणारा कोणीतरी हाय की हो हा. दीडशे वर्षं गप्प बसून बोलत होता, आणि मी त्याची जीभ कापली."

प्राचार्य रेव्हरंड देवाप्पा भले गृहस्थ. त्यांनी धीर दिला, "या वह्यांची मायक्रोफिल्म जर्मनीवाल्यांनी तीस वर्षांपूर्वी काढलीय, तिच्यात सगळं असेल." मी त्याच दिवशी जर्मनीला फॅक्स केला. उत्तर आलं आणि होता नव्हता तो धीरही गेला. फिल्म काढताना कडा काळ्या कागदाने झाकल्या होत्या म्हणे. मजकूर तेवढा साहेबाचा घेतला, बाजूचे फराटे बिनकामाचे ठरवले. म्हणजे त्या तीन वह्यांतलं त्या माणसाचं बोलणं जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, आमच्या रद्दीच्या पोत्यात. आणि बाई तेवीस दिवसांनी येणार होत्या.

आप्पाजींनी पोतं जमिनीवर पालथं केलं. त्यात आणखी पाच-सहा पुस्तकांच्या कात्रणांचा गुंता. पट्टीवरचं अर्धं अक्षर आणि पानावरचं अर्धं अक्षर जुळवायचं, मग पातळ जपानी कागदाची पट्टी मागून लावून चिकटवायचं. एका दिवसात आठ जुळल्या तर खूप. मी दुपारची सुटी तिथेच काढायची. त्यांना जेवा म्हणून ओरडायची, तर म्हणायचे, "तो उपाशी हिंडला असेल रानात, मला काय होतंय?" असला हट्टी माणूस! पण पट्टी जुळली की मोडी वाचून दाखवायचे, आणि त्या दिवसांत तो कडेचा माणूस आमच्या डब्याला तिसरा झाला. 'हे झाड साहेबांनी पाहिले नाही. साहेब तापाने निजले होते. मी जांबोटीच्या रानातून आणिले.' हे वाचलं तेव्हा आम्ही दोघंही हसता हसता रडलो.

बाई यायच्या आदल्या दिवशी दोन पट्ट्या सोडून सगळ्या बसल्या. त्या दोन काही केल्या सापडल्या नाहीत. प्राचार्य म्हणाले, "आता गप्प राहा. दुरुस्ती म्हणून खपून जाईल." मीही मान डोलावली, भित्री कुठची!

आप्पाजी ऐकतात होय? धुतलेलं धोतर, काळी टोपी घालून बाईंपुढे उभे राहिले आणि मला म्हणाले, "सांगा त्यांना. मी कापलं. दोन पट्ट्या माझ्याकडून गेल्या." मी चिठ्ठीची माझी चूकही सांगून टाकली. क्लोसबाई वही चाळत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या लोकांनी सगळंच टाकून दिलं होतं. यांनी परत लावलं. ते मला वाचून दाखवतील का?"

पुढचे नऊ दिवस आप्पाजी वाचत होते, मी इंग्रजीत सांगत होते, बाई लिहून घेत होत्या. अकराच्या अकरा वह्या. नाव मात्र त्या माणसाने कुठेच लिहिलं नव्हतं.

सत्त्याण्णवला बाईंचं पुस्तक आलं. आप्पाजींनी तोवर काम सोडलं होतं, डोळे गेले होते. मी पुस्तक घेऊन चामराजपेटेत त्यांच्या घरी गेले, तेव्हा मी संतापाने धुमसत होते. कडांचा मजकूर शब्दन् शब्द छापलेला, पण शेवटी आभार कुणाचे? 'ग्रंथालयातल्या एका वयस्कर स्थानिक बाइंडरचे.' नाव नाही! नऊ दिवस समोर बसलेल्या माणसाचं नाव लिहायला काय शाई संपली होती? मी बाईंना खरमरीत पत्र टाकणार होते. सगळं आप्पाजींना तावातावाने सांगितलं.

ते कॉटवर बसून ऐकत होते. "त्याचं सगळं आलंय?"

"सगळं."

"त्याचं नाव काय घातलंय?"

"काय घालणार! 'अज्ञात स्थानिक मदतनीस'."

आप्पाजींनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, चाचपडत मांडीवर ठेवलं, आणि इतकं मोकळं हसले की आतून सून बाहेर आली.

"म्हणजे त्याच्याच पंगतीला बसवलं की हो मला! पत्रबित्र काय लिहू नका, अक्का. बाईंना वाटेल, मला उठायचंय."