नोटिशीतला सातवा परिच्छेद

चाळीस वर्षं कंपाउंडरकी केली, पण त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सगळ्यांच्या तोंडी टोपणनाव, परतसांगा. पुडी देताना ते म्हणायचे, "सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. आता परत सांगा बघू." पेशंटने घडाघडा म्हणून दाखवल्याशिवाय पुडी हातची सुटायची नाही. लोक वैतागायचे, पण भलती गोळी कधी कुणाच्या पोटात गेली नाही.

आणि नेमकं उलटं छापून आलं. डॉक्टर वारल्यावर त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं. त्यात होतं, 'आमच्या परतसांगांनी एकदा गप्पांच्या नादात एका लहान मुलीला भलतंच औषध दिलं. मी ती चूक पोटात घातली.' चोराच्या उलट्या बोंबा! चूक डॉक्टरांच्याच चिठ्ठीत होती. ती परतसांगांनी पकडली आणि तीस वर्षं तोंडातून चकार शब्द काढला नाही. ग्रंथालयात ते पान वाचून ते तडक वकिलाकडे गेले.

वकीलबाई तरुण, कामाला चोख. "आधी प्रकाशकाला नोटीस. पान काढा, जाहीर माफी मागा, नाहीतर दावा लावतो. सहा परिच्छेद तयार आहेत. सातव्यात मला एक माणूस हवा. ज्याने हे वाचलं, तुम्हाला ओळखलं आणि ज्याच्या मनातून तुम्ही उतरलात."

"छापलंय, ते पुरेसं नाही?"

"काका, दावा टिकायला असा माणूस दाखवावा लागेल."

परतसांगा माणूस शोधायला निघाले. दवाखान्याच्या जागी चष्म्यांचं दुकान होतं. बाकावर भेटलेल्या जुन्या पेशंटने मिठी मारली, पण पुस्तक त्याने पाहिलंही नव्हतं. शेजारी म्हणाला, "पुस्तकात आलात? वा, पेढे कधी?" बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मनातून उतरायला आधी कुणाच्या तरी मनात असावं लागतं, हे त्यांना सत्तरी उलटल्यावर कळत होतं, आणि फार लागत होतं.

उरली एक ताई, परगावी. दर रविवारी तिचा फोन यायचा, तो आठ महिने बंद होता. कान गेले असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. शेवटी त्यांनीच फोन लावला. ताईला स्वच्छ ऐकू येत होतं.

"डॉक्टरांच्या मुलाने पाठवलं होतं पुस्तक," ती म्हणाली. "वाचलं मी."

"मग?"

"खरं वाटलं रे मला."

"परत सांग," त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"खरं वाटलं मला. त्या पोरीचं तोंड डोळ्यांपुढे यायचं. तुझ्याशी काय बोलू, कळेना."

चूक कुणाची होती ते त्यांनी सांगितलं नाही. औषध वेळेवर घेतेस ना, एवढं विचारून फोन ठेवला. मग खुर्चीत बसून ते रडले.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "मिळालं कुणी? एक नाव द्या, आजच पाठवते."

"कुणी नाही मिळालं. सातवा परिच्छेद खोडा."

"मग दावा टिकायचा नाही, काका. घरचं माणूसही चालेल. नीट आठवा. कुणीच नाही?"

"कुणीच नाही," त्यांनी परत सांगितलं.