भावोजींचं न पाहिलेलं गाव

ज्या गावात कधी पाऊल टाकलं नाही त्या गावाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस जगात एकच असेल, आणि तो दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. ह्यांचे मावसभाऊ, म्हणजे माझे भावोजी. आम्ही ओसाकात आलो तेव्हा पुण्याकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांची जपानात रीघ लागली होती, त्यातलेच भावोजी एक. वय चाळिशीकडे झुकलेलं, लग्नाचा पत्ता नाही. ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याच्या लग्नाला गेले आणि तिथेच बिघडले. तो लग्नाचा हॉल म्हणजे इंग्लंडातल्या एका खेड्यातलं जुनं चर्च होतं. तिकडे माणसं उरली नाहीत म्हणून ते विकायला निघालं, आणि इकडच्या कंपनीने एकेक दगड सुटा करून आणून पुन्हा उभं केलं. सगळे नवरीकडे बघत असताना भावोजी वाकून बाकांवर कोरलेली नावं वाचत होते.

त्या दिवसापासून ते त्या गावचेच झाले. तिथल्या एका निवृत्त मास्तरीणबाईंना त्यांनी इंटरनेटवर गाठलं. पाद्र्याचं घर कुणी बांधलं, शाळेचं छप्पर कसं जळालं, गिरणी कुणी बुडवली, सगळं तोंडपाठ. मनोरा आधीचा की बाजूची ओवरी, यात तर त्यांनी मास्तरीणबाईंचीच चूक काढली. जेवताना गाव टेबलावर मांडायचे. आमटीची वाटी चर्च, लोणच्याची बरणी पाद्र्याचं घर. "वहिनी, तो पापड उचलू नका, ते धान्याचं कोठार आहे!" पापड सादळायचा, कोठार शाबूत राहायचं. मावशी, म्हणजे भावोजींच्या आई, पुण्याहून मुलींचे फोटो पाठवायच्या. एका मुलीच्या मागे जुनं प्रवेशद्वार होतं. बराच वेळ फोटो निरखून भावोजी म्हणाले, "कमान छान आहे."

अडचण एकच होती. हॉल बघायला आणि तिथलं जेवण चाखायला फक्त लग्न ठरलेल्या जोडप्यांना सोडत. मग भावोजी ओळखीपाळखीच्या बायकांना नवरी म्हणून नेत. एकदा माझी पाळी आली. "सूप चांगलं असतं म्हणे, जाऊन ये," ह्यांनी परवानगी दिली. मी मंगळसूत्र घालूनच गेले. तिथे कुणाला कळणार होतं? हॉलमधल्या बाईंनी माझं अभिनंदन केलं आणि भावोजींकडे अशा कणवेने पाहिलं की माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर खेपेला नवी नवरी आणि लग्न कधीच नाही. बिचाऱ्याला सगळ्याच सोडून जातात, अशी त्यांची समजूत झाली होती.

भावोजींचं मात्र त्या दिवशी बाकांकडेही लक्ष नव्हतं. आधीच्या खेपेला त्यांना मनोऱ्यातली घंटा दिसली होती, तिच्यावर गावाचं नाव होतं. तसं त्यांनी मास्तरीणबाईंना कळवलं. बाईंचे वडील जन्मभर ती घंटा वाजवत. चर्च विकलं तेव्हा ती वितळवून टाकली असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. आता बाईंचे कान जात चालले होते. थोडंफार ऐकू येतंय तोवर एकदा फोनवर ऐकवाल का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. आणि लग्न लागल्याशिवाय घंटा वाजवायची नाही, हा हॉलचा नियम.

सूप आलं तसे भावोजी उठले, हॉलमधल्या बाईंसमोर कमरेत वाकले आणि मोडक्यातोडक्या जपानीत सगळं खरं सांगून टाकलं. ही माझी वहिनी आहे. आधीच्याही कुणी माझ्या नव्हत्या. घंटेचं मात्र खरं आहे. आता हाकलतात, म्हणून मी पर्स उचलली.

"म्हणजे तुम्हाला कुणी सोडून गेलं नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं," म्हणत त्या किल्ल्या आणायला गेल्या.

तिकडे नुकतंच उजाडलं असेल. भावोजींनी मोबाइल लावला आणि मनोऱ्याखाली हात उंच करून उभे राहिले. हॉलमधल्या बाईंनी स्वतः दोर ओढला. थोड्या वेळाने भावोजींनी फोन कानाशी नेला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"फार हळू ओढताय म्हणतात. बाबा जोरात ओढायचे."

तेच जपानीत सांगून भावोजींनी हात पुन्हा उंच केला, तशा हॉलमधल्या बाईंनी बाह्या सरसावल्या. या वेळी घंटा दणाणली. मग घंटा थांबली, तिचा घुमाराही विरला, तरी भावोजींचा हात वरच होता.

"भावोजी, थांबली हो," मी हळूच म्हटलं.

"त्यांनी अजून फोन ठेवलेला नाही, वहिनी."