आकाशी पट्ट्या

सत्याहत्तर साली निवडणूक लागली आणि आमच्या घरात दोन पक्ष झाले. वडील एकीकडे, धाकटे काका दुसरीकडे. भवानी पेठेत कापड रंगवायचा कारखाना मात्र दोघांचा एकच. रंग वडील करत, गिऱ्हाईक काका सांभाळत. आता जेवायला बसले की दोघं माझ्यामार्फत बोलायचे. आज ना उद्या कारखाना वाटून घेतील, या घोरानं मला घास जात नव्हता.

मी तेव्हा बी.ए.ला होते, विषय इतिहास, आणि वाचलेलं सांगितल्याशिवाय मला राहवत नसे. जेवताना मी उरुग्वे नावाच्या देशातल्या यादवीची गोष्ट काढली. एका लढाईत आपला-परका कळावा म्हणून एकांनी डोक्याला पांढऱ्या पट्ट्या बांधल्या, दुसऱ्यांनी आकाशी. आकाशी उन्हात विटल्या, म्हणून त्यांनी लाल घेतल्या. त्यातून पांढरे आणि लाल असे दोन पक्षच झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या भांडत राहिले.

"रंग कच्चा आसंल," वडील एवढंच म्हणाले.

काकांना लढाईपेक्षा पट्ट्याच आवडल्या. ते मला म्हणाले, "अण्णाला सांग, आमच्या प्रचारफेरीला आकाशी पट्ट्या करून दे म्हणावं."

वडिलांनी हो म्हणून मान हलवली. मला त्या मान हलवण्यात नाही नाही ते दिसलं. त्यांनी मुद्दाम कच्चा रंग दिला आणि फेरीत पट्ट्या विटल्या तर काकांचं हसं होणार आणि दोघं कायमचे तुटणार. कुठून ती गोष्ट सांगितली, असं झालं मला.

पट्ट्या वाळल्या तशी मी एक पळवली. गच्चीवर पसरली, अर्धी फळीखाली, अर्धी उन्हात. रंग पारखायची ही रीत वडिलांचीच. काका तर त्याच दिवशी गठ्ठा सायकलला बांधून घेऊन गेले. पुढचे तीन दिवस माझं कॉलेजात लक्ष नाही, घरात नाही. सारखी जिना चढ, जिना उतर.

तिसऱ्या दिवशी फळी उचलली. दोन्हीकडे रंग अगदी सारखा. हुश्श करून वळले, तर मागे वडील.

त्यांनी पट्टी उचलून उजेडात धरली. "कुणी सांगितलं हे करायला?"

"कुणीच नाही."

"तुज्या काकानं गठ्ठा सोडूनसुदिक बघितला न्हाय," ते म्हणाले. "रोज भांडतुया, पर बघितला न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पट्टीची घडी माझ्या हातात देऊन ते खाली गेले.