उत्तनहून आणलेल्या दोन खुर्च्या

आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या घराला हॉल होता आणि हॉलमध्ये बाबांचं स्टूल होतं. अगदी दाराशी, चपलांच्या रॅकला लागून. गिरगावातल्या चाळीतून इकडे येताना मी ते स्टूल मुद्दाम विसरायचं ठरवलं होतं. टेम्पो सुटायच्या वेळी बघते तर काय, बाबा ड्रायव्हरशेजारी बसलेत आणि स्टूल त्यांच्या मांडीवर!

बाबा शिपाई होते. फोर्टमधल्या एका ऑफिसात चौतीस वर्षं साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसायचे आणि बेल वाजली की उठायचे. रिटायर झाले, पण ते उठणं काही रिटायर झालं नाही. घराची बेल वाजली की आम्ही हलायच्या आत बाबा दारात. आलेल्याला प्लास्टिकची खुर्ची पुसून द्यायची, ‘बसा’ म्हणायचं आणि आपण परत स्टुलावर. त्या खुर्चीत ते स्वतः बसलेले मी एकदाही पाहिले नाहीत. का बसत नाही विचारलं तर म्हणायचे, “मला सवय नाही गं. पाठ टेकली की चुकल्यासारखं वाटतं.”

एकदा समोरच्या घरात आलेल्या पाहुण्यानं आमच्या उघड्या दारातले बाबा पाहिले आणि मजल्याचा वॉचमन समजून त्यांच्या हातात किल्ली दिली. ‘चाचा, मॅडम आयेंगी तो दे देना.’ मी संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा ती किल्ली मुठीत धरून बसले होते. मी एवढी भडकले की समोर जाऊन भांडायचीच बाकी होते. बाबा म्हणाले, “त्याचं काय चुकलं? किल्ली सांभाळली की नाही मी?” हे असं. आता यांच्यावर चिडायचं तरी कसं?

मला दुसरं काही नको होतं. मी कर्ज काढून, हप्ते भरून घेतलेल्या घरात माझे बाबा हात असलेल्या खुर्चीत, पाठ टेकून, मालकासारखे बसलेले मला बघायचे होते. बस्स.

आधी मी त्यांना मेन रोडच्या फर्निचरच्या दुकानांत फिरवलं. तेव्हा इंद्रलोकमध्ये घराघरात तेच ते मरून रंगाचे फुगलेले सोफे होते, आणि त्यावर क्रोशाची पांढरी कव्हरं. दुकानदार म्हणे, “बैठो ना अंकल, बैठके देखो.” अंकल हात बांधून उभे. तिसऱ्या दुकानात तर एक गिऱ्हाईक त्यांनाच भाव विचारून गेलं. मी तिथून तणतणत बाहेर पडले आणि सोफ्याचा विषय संपवला.

त्याच सुमारास एका ब्यूटी पार्लरमध्ये ताटकळत असताना एका मासिकात जुन्या खुर्च्यांचे फोटो पाहिले आणि मी वेडीच झाले. काय एकेक वळणं! एकीची पाठ म्हणजे एकाच लाकडाची लांबच लांब कमान, एकीचे हात पुढे येऊन आत गुंडाळलेले. खुर्ची कसली, कुणीतरी मन लावून घडवलेली मूर्तीच. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “जुनी खुर्ची? लोकांनी टाकून दिलेली? चाळ सोडून आलो ते भंगार जमवायला वाटतं!” पण माझ्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. ऑफिसात जो भेटेल त्याला मी जुन्या खुर्च्यांबद्दल विचारत सुटले. शेवटी उत्तनहून येणारी एक मैत्रीण म्हणाली, “आमच्या शेजारच्या म्हातारीकडे आहेत. घर पाडून नवीन बांधतायत, तिच्या अंगणातच पडल्यात. रविवारी ये.”

बाबांना मी खरं कारण सांगितलं नाही. “खुर्च्या कशा बघायच्या मला काय कळतंय? तुम्ही चला,” एवढंच म्हटलं. त्यावर ते लगेच पायांत चपला घालून तयार. आई मात्र आली नाही. भंगार बघायला तिला वेळ नव्हता म्हणे.

उत्तनला बसमधून उतरलो तोच सुकत घातलेल्या बोंबलांचा वास नाकात घुसला. म्हातारीच्या अंगणात चार खुर्च्या होत्या. वर कोंबड्या. खुर्च्यांवर धुळीचा थर आणि कोंबड्यांची कृपा, पण आत, अहाहा! मासिकातल्या खुर्च्या यांच्यापुढे काहीच नाहीत. सागवानाच्या होत्या आणि चारही वेगळ्या. म्हातारी म्हणाली, तिच्या सासऱ्यानं होड्या बांधणाऱ्या सुताराकडून घरातल्या चार माणसांसाठी चार करून घेतल्या होत्या. होडीच्या पोटाला लाकूड वाकवतात, तशीच त्यानं पाठी वाकवल्या होत्या. कुठे कोपरा म्हणून नाही. हात तर असे वळले होते, की मी धूळ विसरून त्यावरून बोट फिरवत बसले.

बाबांनी मला बाजूला केलं. “सरक. डोळ्यांनी काय बघतेस? खुर्ची उचलून कळते.”

आणि मग मी माझ्या बाबांचं एक वेगळंच रूप पाहिलं. मीटिंगच्या आधी चाळीस खुर्च्या हॉलमध्ये न्यायच्या, मीटिंग संपली की परत आणायच्या, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. एकेका खुर्चीवरच्या कोंबड्या त्यांनी हुसकावल्या. खुर्ची उलटी केली. सांध्यांवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, कान लावला. विणलेला वेत खालून अंगठ्यानं दाबून पाहिला. मग दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून ती पोटाशी घेतली आणि अंगणात एक फेरी मारून आले. पहिली ठेवली. “पुढे झुकते.” दुसरी ठेवली. “पाय आतून पोखरलाय, वाळवी आहे.” म्हातारी बघतच राहिली. तिसरी म्हणजे भली रुंद होती, ती त्यांना पसंत पडली. “ही तुझ्या आईला.” चौथी पोटाशी घेतली आणि एकीच्या जागी तीन फेऱ्या मारल्या. खाली ठेवेचनात.

“ही कुणाला?” मी मुद्दाम विचारलं.

“पाहुण्यांना,” बाबा म्हणाले.

माझा चेहरा पडला. म्हातारी म्हणाली, “बसून तरी बग नं, बाबा.” बाबा म्हणाले, “बसून काय कळतं?” मीही बसले नाही. एकतर कोंबड्यांची कृपा, आणि दुसरं म्हणजे मी पांढरा ड्रेस घालायचा शहाणपणा केला होता. तिसरी आणि चौथी अशा दोन्हींचे मी पैसे दिले. निघताना म्हातारीनं त्या चौथ्या खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि मला बजावलं, “ती बसाला हाय, बगाला न्हाय. कोनाला तरी बसव.” मी मनात म्हटलं, आजी, तेच तर सगळं रडगाणं आहे.

टेम्पोनं घरी आल्यावर लिफ्टमध्ये खुर्ची मावेना, तर बाबांनी एक डोक्यावर, एक खांद्यावर अशा दोन खेपांत तीन मजले चढवल्या. मला हात लावू दिला नाही. दोन दिवस त्यांनी त्या धुतल्या, वाळवल्या, मऊ फडक्यानं तेल लावून चकाचक केल्या. वेत एकदोन ठिकाणी तुटला होता, तोही ओवला. भंगार म्हणणाऱ्या आईनं रुंद खुर्चीत जरा टेकून पाहिलं आणि जी बसली ती उठेचना. “अगं बाई! भाजी इथंच आण, मी इथंच निवडते,” म्हणाली. पुढे त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणी बसायची सोय उरली नाही.

मग मी मोठ्या हौसेनं दुसऱ्या खुर्चीत बसायला गेले. अर्धी गेले. हातांच्या मधे माझं सरकेच ना! इकडून वळून पाहिलं, तिकडून पाहिलं. आई हसून हसून बेजार. “दोघं जण आख्खा रविवार घालवून खुर्ची आणता आणि बसून बघत नाही? डोकी कुठे ठेवली होती?” तिचं बरोबरच होतं. मी डोळ्यांनी खुर्ची घेतली होती आणि बाबांनी हातांनी. बसायला कुणाचं काय लागतं हे दोघांनाही सुचलं नव्हतं. बाबा स्टुलावर जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकतर त्यांना बसवता आलं नाही, वर त्यांच्या पसंतीचंही हसं झालं.

पुढच्या रविवारी मामा आला. माझा मामा म्हणजे भरगच्च माणूस. आल्या आल्या, “वा, काय खुर्ची आहे!” म्हणाला आणि आम्ही “अरे थांब, थांब” म्हणेपर्यंत धपकन बसला. बसला तो बसलाच. चहा झाला, पोहे झाले, उठायला गेला तर खुर्चीही त्याच्याबरोबर उठली! मामा कमरेत वाकलेला, मागे चार पाय हवेत, आणि तशाच अवस्थेत हॉलमध्ये गोल गोल फिरतोय. “ओढ ना! अगं ओढ!” आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, माझ्या पोटात दुखायला लागलं. शेवटी बाबा उठले. शांतपणे मामाला भिंतीला हात टेकायला लावले, खुर्ची किंचित तिरकी केली, एक झटका. सुटला.

मामा लालबुंद झाला होता. कंबर चोळत म्हणाला, “भावोजी, ही खुर्ची परत करा. माणसांसाठी नाहीच ही. फसवलं तुम्हाला!”

बाबांचा चेहरा बदलला. कुणी काही बोललं तरी ऐकून घेणारा माणूस, पण खुर्चीला बोललेलं त्यांना सहन झालं नाही. “खुर्चीत खोट नाही,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं खुर्च्या उचलल्यात मी. मला फसवणार कोण? बसणारा चुकला. हे बघ, असं बसायचं असतं.”

आणि बसले.

अंगावर शिवल्यासारखी बसली खुर्ची त्यांना. पाठीला पाठ. कोपरांखाली खुर्चीचे दोन्ही हात बरोब्बर तिथंच, जिथं हवेत. मला तेव्हा लख्ख कळलं. अंगणात ती खुर्ची पोटाशी घेऊन ते तीन फेऱ्या का मारत होते. त्यांनी माप घेतलं होतं, आणि माप घ्यायला त्यांच्याकडे त्यांचंच अंग होतं. पाहुण्यांसाठी म्हणून स्वतःची खुर्ची निवडून आणली होती त्यांनी, आणि त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

“बघितलंस?” ते मामाला म्हणाले. मग हळूहळू पाठ टेकली. पाय सैल सोडले. “अरेच्चा,” एवढंच म्हणाले आणि खुर्चीच्या वळलेल्या हातांवरून तळवे फिरवत राहिले. मामा कंबर विसरला. आईनं पदर तोंडाला लावला, हसायला की कशाला, देव जाणे. मी जागची हलले नाही. हलले तर हे उठतील अशी भीती वाटली.

आणि नेमकी बेल वाजली.

सवयीनं बाबांचे हात खुर्चीच्या हातांवर घट्ट झाले, पाठ सुटली. मी मनात म्हटलं, संपलं. ते अर्धवट पुढे झुकले, थांबले. एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि परत मागे टेकले.

“बघ गं,” बाबा म्हणाले, “कोण आलंय ते.”

मी अशी धावले की चपलांच्या रॅकला ठेचकाळले. दारात इस्त्रीवाला होता. रोज दार उघडणारे बाबा दिसले नाहीत म्हणून आत डोकावत म्हणाला, “काका नहीं हैं क्या आज?”

“हैं ना,” मी म्हटलं. “बैठे हैं.”