कडू भोपळ्याचं सूप

ताई काहीतरी लपवतेय, हे धाकटीच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते दूध करपलं त्या सकाळी. ताई शेगडीपासून हातभर अंतरावर पाव कापत उभी होती. शहरातून नुकत्याच आलेल्या धाकटीला पायरीवरच वास आला, ताईला नाही.

"अगं, दूध!"

ताई दचकली. "बोलण्याच्या नादात राहिलं," म्हणाली. आत तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

ते टुमदार गाव शनिवार-रविवारी पाहुण्यांनी भरून जाई. उतरत्या फरसबंद गल्लीत मेणबत्त्यांचं, टोप्यांचं, बटणांचं, जुन्या पुस्तकांचं अशी चिमुकली दुकानं होती आणि मधोमध ताईची पाच टेबलांची खानावळ. भोपळ्याचं सूप आणि घरचा पाव. दाजी गेल्यावर ताई त्यावरच पुन्हा उभी राहिली. चव बघायची तिची एक रीत होती. पळीतला थेंब मनगटावर घ्यायचा आणि डोळे मिटून चाटायचा. टोपीवाली हसायची, "मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी ही सूप पिते!"

आज ताईनं थेंब चाटला, पण डोळे उघडे होते. ते मागच्या दारात वाटी घेऊन उभ्या असलेल्या बटणवाल्या काकांवर खिळले होते. काका शेजारचे, एकटे. त्यांनी घोट घेतला, मिशी पुसली. "झकास!"

ताईचे खांदे सैल झाले.

काका गेल्यावर धाकटीनं तिला कोपऱ्यात गाठलं. "ताई, तुला वास येत नाही ना?"

ताईनं आधी दार लोटलं. "मागं मोठा ताप आला होता ना, त्यात गेला. मागोमाग चवही गेली. डॉक्टर म्हणतात, वाट बघा." मग धाकटीचा हात दाबला. "कुठं बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. काका चाखतात, मी त्यांच्या दुकानातली बटणं रंगांप्रमाणे निवडून देते. त्यांना काळं आणि गडद निळं आता सारखंच दिसतं. आमचं भागतं. खानावळ गेली तर मी करू काय?"

दुपारी पाहुणे आले. भिंतीवरच्या तांब्याच्या भांड्यांचे फोटो काढून झाले. एका बाईनं दोन चमचे घेतले आणि वाटी सरकवून नुसता पाव खाल्ला. तिचा नवरा हळूच म्हणाला, "दुकान गोड आहे, सूप सोडून." पूर्वी दाराबाहेर माणसं ताटकळायची, आज तीन टेबलं रिकामी होती. धाकटीनं पातेल्यातलं सूप जिभेला लावलं आणि तिचा चेहराच वाकडा झाला. भोपळाच कडू निघाला होता. पूर्वीची ताई कच्ची फोड चावल्याशिवाय भोपळा चिरायला घेत नसे.

धाकटी तडक शेजारी गेली. "काका, सकाळी तुम्हाला कडू लागलं नाही?"

काका डबीतली बटणं उगाच ढवळत राहिले. "लागलं."

"मग झकास कसलं?"

"ती तोंडाकडे बघत उभी असते गं, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तशी. एकदा म्हटलं होतं, मीठ कमी आहे. दिवसभर जेवली नाही. त्यानंतर माझी जीभच रेटत नाही."

"म्हणजे इतके महिने तुम्ही नुसतं मन राखत होतात?"

"मला वाटलं, लोक काही बोलत नाहीत, तर चालत असेल."

"लोक कशाला बोलतील, काका? ते पुन्हा येत नाहीत, एवढंच."

धाकटी जायला वळली. उंबऱ्यात ताई उभी होती. रोजच्यासारखी बटणं निवडायला आली होती. ती चिडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली, मिसळलेल्या बटणांची परात पुढं ओढली आणि काळी एका बाजूला सारू लागली.

"काका," ती मान वर न करता म्हणाली, "माझ्या जिभेची चव गेली तेव्हाही मी इतकी आंधळी झाले नव्हते, जितकी तुमच्या 'झकास'नं झाले."



मग ती धाकटीकडे वळली. "सूप ओतून टाक. आणि बाहेरची पाटी आत घे."

खानावळीच्या जागेत आता टोपीवालीनं आपलं दुकान वाढवलं आहे. ताई रोज सकाळी बटणवाल्या काकांकडे जाते, काळी आणि निळी बटणं वेगळी करते, आणि काकांशी बोलते ती फक्त गिऱ्हाईक समोर असताना.