थोडं पक्कं करूया

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे किस्सा म्हणून शंभरदा सांगितलंय. बारसं असो, साखरपुडा असो, "काका, तो पीएचडीचा सांगा ना" अशी फर्माईश होतेच. पण त्यातलं मुख्य तेवढंच वगळून सांगत आलो. आता त्या किश्श्याला माझा मीच कंटाळलोय. तुम्हाला पूर्ण सांगतो.

माझी बायको संगीता चिंचवडला कॉलेजात शिकवते. पीएचडीसाठी तिनं विषय घेतला होता — नवरा शिफ्टमध्ये असला की घरच्या बाईचा दिवस कसा ठरतो. पद्धत साधी. आमच्या पुनावळ्यातल्या बारा बायका. त्यांच्या स्वयंपाकघरात बसायचं, बघायचं, बोलायचं, पुन्हा पुन्हा जायचं. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "छान आहे, असंच ठेवा." त्या दिवशी ती येताना जिलबी घेऊन आली. मी जिलबी खाल्ली आणि म्हणालो, "बाराच?"

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. डिप्लोमावाला. चुका काढायचा पगार घेतो, घरी फुकट काढतो. म्हटलं, अगं, बारा नग तपासून आम्ही अख्खा लॉट पास करत नाही. बारा बायकांच्या गप्पांना संशोधन कोण म्हणेल? थोडं पक्कं करूया.

मग पक्कं करतच गेलो. बाराच्या तीनशे केल्या. प्रश्नावली घातली. तुलनेसाठी जनरल शिफ्टवाली, म्हणजे रोज दिवसाच कामाला जाणाऱ्यांची घरं घातली. मग भोसरी, मग चाकण. मग म्हटलं, उन्हाळ्या-पावसाळ्यात फरक पडत असेल, वर्षभर माहिती घ्यायला हवी. ती दर वेळी आराखडा नव्यानं लिहायची. कॉलेज, पोळ्या, मुलीची दहावी आणि वर या तीनशे बायका! किश्श्यात लोक इथं हसतात. मी हावभावच तसे करतो — प्रश्नावल्यांची पिशवी सांभाळत संगीता कंपनीच्या बसमागं धावतेय.

शेवटी तिनं फाइल माळ्यावर टाकली. वर मलाच म्हणाली, "बरं झालं तुम्ही होतात. नाहीतर अर्ध्यात तोंडावर पडले असते."

आता ते पुढचं — कसं लिहू?

बारा पुरेशा होत्या, हे मला माहीत होतं. शंका नव्हती, चक्क माहीत होतं. कंपनीत रिजेक्शन वाढलं की मी काय करतो? हजार नग मोजत बसतो? छे. एका मशीनपाशी स्टूल टाकतो आणि ऑपरेटरचे हात बघत बसून राहतो. चूक तिथंच सापडते. कंपनीत माझं जे काही नाव आहे ते त्या स्टुलामुळं. संगीता दुसरं काय करणार होती? तेच स्टूल, फक्त गॅसच्या शेगडीपाशी.

मग का केलं? दारावरच्या पाटीमुळं. पाटीवर माझं नाव वर, तिचं खाली. उद्या तिच्या नावामागं 'डॉ.' लागलं की — कुणी काही म्हणालं नव्हतं हो. तिनं तर पाटीचा विषयही काढला नव्हता. मीच जिलबी खाता खाता ती पाटी मनातल्या मनात बदलून वाचली होती.

परवा पुतण्याच्या साखरपुड्यात किस्सा पुन्हा झाला. संगीताही हसली. शेवटचं वाक्य आता तीच म्हणते — "म्हटलं, बाई, पोळ्या बऱ्या!" होणारी सून पल्लवी यंदा पीएचडीला नाव नोंदवतेय. निघताना संगीता तिला म्हणाली, "आराखडा आधी यांना दाखव गं. यांना चुका बरोबर सापडतात."

तो आलाय. समोर आहे. नऊ घरं घेतलीत पोरीनं. वाचता वाचता माझा हात आपोआप पेन्सिलीकडं गेला.

पल्लवीच्या आराखड्यात चूक नाही. संगीताच्याही नव्हती.